यॉर्क ईस्टच्या अ‍ॅग्नेसबाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वेळी कोणा ना कोणा थोर स्त्रीचे चरित्र येते. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे, आणि कितीही वाचले तरी ते थोडेच वाटते. यंदा मात्र मी जरा लांबच्या एका बाईंची हकीकत सांगणार आहे. लांबची म्हणजे साता समुद्रांपलीकडची, कॅनडा देशातली. आपल्याकडची कितीतरी मुले-मुली आता नोकरीधंद्यासाठी त्या देशात जाऊन राहिली आहेत. टोरांटो हे नाव त्यामुळे आपल्या घरांतून आता नवे राहिलेले नाही. त्या टोरांटो शहराला पूर्वेकडून लागून यॉर्क ईस्ट नावाचा एक मतदारसंघ होता. तेथून निवडून गेलेल्या अ‍ॅग्नेस मॅकफेल या बाईंचे हे चरित्र आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा राज्यकारभाराची जी गोष्ट मला स्वतःला समजून घ्यावी लागली, ती आधी सांगते, म्हणजे पुढचे सोपे जाईल. आपल्याकडे जशी दिल्लीला लोकसभा आणि मुंबईला विधानसभा, तसेच कॅनडात आहे. साऱ्या देशाचे पार्लमेंट ऑटावा या राजधानीत भरते आणि प्रत्येक प्रांताचे स्वतःचे निराळे कायदेमंडळ असते. ऑन्टारिओ हा तिथला मोठा प्रांत. त्याचे कायदेमंडळ टोरांटोला बसते. १८६७ साली हे कायदेमंडळ सुरू झाले, तेव्हापासून यॉर्क ईस्ट हा त्याचा एक मतदारसंघ होता. शेते, वाड्या आणि पुढे वाढत्या शहराची उपनगरे असा तो मुलूख. १९१३ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, जॉर्ज हेन्री हे एकच गृहस्थ तेथले प्रतिनिधी होते. मूळचे शेतकरी असलेले हे हेन्री १९३० ते १९३४ प्रांताचे मुख्य प्रधानही झाले. अशा वजनदार माणसाची ती जागा.

त्या प्रांतात स्त्रियांना मताचा हक्क १९१७ साली मिळाला आणि कायदेमंडळात बसण्याचा हक्क १९१९ साली. पण हक्क मिळाला म्हणून खुर्ची मिळाली असे झाले नाही. शेजारच्या नव्हे, पण त्याच देशातल्या आल्बर्टा प्रांतात १९१७ सालीच दोन स्त्रिया निवडून आल्या होत्या. ऑन्टारिओत मात्र पुढची चोवीस वर्षे एकही बाई कायदेमंडळात पाऊल टाकू शकली नाही. हे पाऊल जिने टाकले, तिच्याकडे आता वळू.

अ‍ॅग्नेसबाईंचा जन्म २४ मार्च १८९० रोजी ऑन्टारिओतल्या ग्रे परगण्यात, प्रॉटन नावाच्या खेडवळ भागात झाला. घर लाकडी ओंडक्यांचे. वडील डूगल्ड शेतकरी, आई हेन्रिएटा. तीन मुलींत अ‍ॅग्नेस थोरली. थंडी अशी की वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली जमीन दिसू नये, आणि काम असे की शेतात गडी कमी पडला तर मुलींनीही हात लावावा. गाईंची धार, चुलीचे काम, कपडे, भांडी हे सारे आईच्या बरोबरीने त्या करीत. आई दिवसभर राबते, पण घरच्या पैशाअडक्यात तिला विचारीत कोण नाही, हे त्यांनी लहानपणीच पाहिले. हे पाहायला कॅनडाला जावे लागत नाही, भगिनींनो. आपण सगळ्यांनीच ते पाहिले आहे.

प्राथमिक शाळा संपल्यावर मोठ्या शाळेत जाण्याची त्यांची इच्छा होती. पण मोठी शाळा दूर, ओवेन साउंड या गावी. मुलीला परगावी ठेवायचे, तिच्या खर्चाचे बघायचे, आणि घरचे दोन हात कमी व्हायचे. म्हणून त्यांना काही काळ घरीच बसावे लागले. त्यांनी हट्ट सोडला नाही. अखेर घरच्यांनी पाठविले, आणि पुढे स्ट्रॅटफर्ड येथील अध्यापक विद्यालयातून १९१० साली त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. नंतरची काही वर्षे खेड्यापाड्यांतल्या शाळांत त्यांनी मुलांना शिकविले. लोकांच्या घरी राहायचे, त्यांच्या ताटात जेवायचे, त्यांची रडगाणी ऐकायची. शेतकऱ्याला दुधाला, धान्याला भाव मिळत नाही आणि औजार घ्यायला गेले तर ते महाग, हे त्यांनी घरोघर ऐकले. शेतकऱ्यांची युनायटेड फार्मर्स नावाची संघटना त्या काळी जोरात होती. अ‍ॅग्नेसबाई तिच्यात शिरल्या, सभांतून बोलू लागल्या, शेतकऱ्यांच्या वृत्तपत्रात लिहू लागल्या.

१९२१ साली देशाच्या पार्लमेंटची निवडणूक आली. ग्रे परगण्याच्या आग्नेय भागात उमेदवार निवडण्यासाठी शेतकऱ्यांची सभा भरली. अनेक पुरुषांची नावे पुढे आली होती. त्या सगळ्यांना मागे टाकून सभेने एकतीस वर्षांच्या या मास्तरीणबाईंना उमेदवारी दिली. पण सभा संपून लोक घरी गेले आणि कुरकुर सुरू झाली. बाईमाणसाला उभे करून आपले हसे होईल, जागा हातची जाईल, असे लोक म्हणू लागले. पुढाऱ्यांनी त्यांना बोलावून नाव मागे घेण्याचा आग्रह धरला. अ‍ॅग्नेसबाईंनी साफ नकार दिला. सभेने निवडले आहे, आता मतदार काय ते ठरवतील, असा त्यांचा बाणा होता. त्या गावोगाव हिंडल्या, सभा घेतल्या, आणि ६ डिसेंबर १९२१ रोजी निवडून आल्या. कॅनडाच्या पार्लमेंटात निवडून आलेली ही पहिली स्त्री. त्याच १९२१ साली आपल्या मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलानेही स्त्रियांना मताचा हक्क दिला होता, हे येथे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पार्लमेंटात २३५ सभासद, त्यांत बाई एकटी. आणि हे एकटेपण एकदोन वर्षांचे नव्हे. १९३५ साली दुसरी स्त्री निवडून येईपर्यंत चौदा वर्षे त्या एकट्याच होत्या. पहिल्या दिवसांत वर्तमानपत्रांनी त्यांच्या भाषणापेक्षा त्यांच्या कपड्यांकडे अधिक लक्ष दिले. निळ्या सर्जचा साधा पोशाखच का, हातात मोजे का नाहीत, टोपी कशी आहे, यावर रकानेच्या रकाने भरले. जेवायला बसल्या तरी लोक टक लावून पाहात. चार बायकांत नव्या सुनेकडे पाहतात, तसे चारशे डोळे रोज पाहू लागले तर माणसाचे काय होईल, याची कल्पना आपल्याला आहे. अ‍ॅग्नेसबाईंना त्याचा त्रास झाला, पण त्या तेथून हलल्या नाहीत. त्यांनी लग्न केले नाही. मागण्या आल्या होत्या, पण त्या काळच्या संसारात बाईने बाहेरचे हे काम चालविणे शक्य नाही, हे ओळखून त्यांनी तो मार्ग विचारपूर्वक सोडला. यावरूनही लोकांनी पुष्कळ थट्टा केली. त्यांचे उत्तर तिखट असे, आणि थट्टा करणारा पुन्हा वाटेला जात नसे.

त्यांनी काय केले ते पाहिले पाहिजे. १९२५ साली घटस्फोटाच्या कायद्यावर वाद झाला. नवऱ्याला ज्या कारणाने काडीमोड मिळे, तेवढ्याच कारणाने बायकोला मिळत नसे. तिला आणखी काही सिद्ध करावे लागे. दोघांना एकच माप लावा, असे त्या उभ्या राहून बोलल्या. स्त्रीला घराची देवता म्हणून मोठेपणा देऊ नका, माणूस म्हणून बरोबरी द्या, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. तो कायदा मंजूर झाला. १९२९ साली त्या जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या सभेस कॅनडाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. तेथे बायकांना नेहमी स्त्रिया व मुले यांच्या कल्याणाच्या समितीत बसवीत. अ‍ॅग्नेसबाईंनी निःशस्त्रीकरणाच्या समितीत बसण्याचा आग्रह धरला आणि तो पुरा करून घेतला. लढाईत मुलगा मरतो तो आईचाच ना, मग लढाई थांबविण्याच्या खोलीत आईला जागा का नको, हा विचार सरळ आहे. पण तो तेथे जाऊन मांडायला धैर्य लागते.

त्यांचे सर्वांत मोठे काम तुरुंगांचे. किंग्स्टन येथे मोठा तुरुंग होता. आत कैद्यांना कसे वागवितात हे पाहायला त्या गेल्या, तेव्हा बायकांना आत सोडत नाहीत म्हणून दारावरच अडविले. मी बाई म्हणून नाही, लोकांची प्रतिनिधी म्हणून आले आहे, असे बजावून त्या आत गेल्या. आत त्यांना दिसले की तरुण पोरे आणि मुरलेले गुन्हेगार एकत्र कोंडलेले आहेत, कामधंदा शिकविण्याची नीट सोय नाही आणि मारझोड सर्रास आहे. चोरी करून आत गेलेला पोर दरोडेखोर होऊन बाहेर येणार, हे सांगायला पंडित लागत नाही. वर्षानुवर्षे त्यांनी पार्लमेंटात हा विषय लावून धरला. हे लोकांना आवडणारे काम नव्हते. कैद्याला तेव्हा मत नसे, आणि कैद्याची बाजू घेणाऱ्याला मतदार दुवा देत नाहीत. गुन्हेगारांची कड घेते म्हणून त्यांची कुचेष्टा झाली. पण १९३२ साली किंग्स्टनच्या तुरुंगात दंगा उसळला आणि त्यांचे म्हणणे टाळता येईना. १९३६ साली सरकारने न्यायमूर्ती आर्शाम्बो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले, आणि १९३८ च्या अहवालाने शिक्षेपेक्षा माणूस सुधारण्यावर भर दिला. महायुद्धामुळे त्यांतले बरेच काम लांबले, पण पाया पडला. पुढे कैदी स्त्रियांना मदत करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय सोसायटीच्या उभारणीतही त्यांचा हात होता.

अठरा वर्षांहून अधिक काळ मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. मग २६ मार्च १९४० ची निवडणूक आली. युद्ध सुरू झाले होते, वारे फिरले होते, आणि त्या दिवशी बर्फाचे वादळ झाले. खेड्यापाड्यांतले त्यांचे शेतकरी मतदार घराबाहेर पडू शकले नाहीत. अ‍ॅग्नेसबाई पडल्या. वय पन्नास. लग्न नाही, मूल नाही, आणि त्या काळी पार्लमेंटच्या सभासदांना पेन्शनही नव्हते. काल जिचे नाव साऱ्या देशाला ठाऊक, तिला आज पोटाची चिंता. त्या वर्तमानपत्रांतून शेतीविषयक लेख लिहू लागल्या, व्याख्याने देऊ लागल्या. त्याच वर्षी सॅस्कटून येथून पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या, तेथेही हरल्या. दुसरे कोणी असते तर मिळालेल्या मानावर समाधान मानून घरी बसले असते.

येथे यॉर्क ईस्टचा संबंध येतो. अ‍ॅग्नेसबाई आता टोरांटोच्या त्या भागात राहू लागल्या होत्या. तो शेतकऱ्यांचा भाग उरला नव्हता. ईस्ट यॉर्कमध्ये छोट्या छोट्या घरांतून कामगारांची वस्ती होती, आणि १९३० नंतरच्या मंदीत तेथे बेकारीने हाहाकार केला होता. जवळच्या लीसाइडमध्ये युद्धसामग्रीचे कारखाने निघाले होते आणि त्यांत हजारो बायका कामाला जात होत्या. यंत्र तेच, पाळी तीच, घाम तोच, आणि पगाराच्या दिवशी बाईच्या हातात पुरुषापेक्षा कमी पैसे. १९४३ साली जॉर्ज हेन्री निवृत्त झाले आणि तीस वर्षांनी ती जागा मोकळी झाली. कामगार व शेतकरी यांची बाजू घेणाऱ्या सी.सी.एफ. पक्षाने अ‍ॅग्नेसबाईंना उभे केले. ४ ऑगस्ट १९४३ रोजी यॉर्क ईस्टने त्यांना निवडून दिले. त्याच निवडणुकीत ब्रॅकनडेल मतदारसंघातून रे लकॉक या बाईही आल्या. ऑन्टारिओच्या कायदेमंडळातल्या या पहिल्या दोन स्त्रिया. त्यांत शपथ आधी घेतली ती अ‍ॅग्नेसबाईंनी.

देशाच्या पार्लमेंटात गाजलेली बाई प्रांताच्या कायदेमंडळात आली म्हणून तिने कमीपणा मानला नाही. पक्षाला ३४ जागा मिळाल्या होत्या आणि सत्ताधाऱ्यांना ३८, म्हणजे विरोधी बाजूचे बळ चांगले होते. म्हाताऱ्यांचे पेन्शन, गरिबांची घरे, कामगारांची मजुरी यांवर त्या बोलत राहिल्या. पण १९४५ ची निवडणूक लगेच आली आणि त्यांचा पक्ष ८ जागांवर कोसळला. अ‍ॅग्नेसबाई हरल्या, लकॉकबाईही हरल्या, आणि कायदेमंडळ पुन्हा निव्वळ पुरुषांचे झाले. तीन वर्षे त्या थांबल्या. तब्येत ढासळत चालली होती. तरी १९४८ साली त्या त्याच यॉर्क ईस्टमधून पुन्हा उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

या वेळी त्यांनी समान कामाला समान मजुरी हा विषय हाती धरला. युद्ध संपले होते, कारखान्यांतल्या पुष्कळ बायकांना घरी पाठविले होते, आणि ज्या राहिल्या त्यांची मजुरी कमीच होती. बाईची कमाई म्हणजे वरखर्चाची, पुरुषाची कमाई म्हणजे संसाराची, असे मालक म्हणत. विधवा, टाकलेली, म्हाताऱ्या आईबापांना पोसणारी, अशा बाईच्या कमाईवर कोणाचा संसार चालतो, हे कोणी विचारीत नसे. अ‍ॅग्नेसबाईंनी ते विचारले, आणि सरकारचा पिच्छा पुरविला. १९५१ साली ऑन्टारिओत स्त्रियांच्या समान वेतनाचा कायदा झाला. कॅनडात अशा प्रकारचा हा पहिल्याच कायद्यांपैकी एक. तो काही भरभक्कम नव्हता. एकाच ठिकाणी अगदी तेच काम असेल तरच लागू, आणि तक्रार त्या कामकरी बाईनेच करायची. नोकरी सांभाळून मालकाविरुद्ध तक्रार करणे किती अवघड, हे सांगायला नको. तरीही बाईची मजुरी कमी ठेवणे हा रिवाज नसून अन्याय आहे, हे प्रथमच कायद्याच्या कागदावर आले. आपल्याकडे असा कायदा १९७६ साली झाला. आणि अजूनही खुरपणीला बाईची मजुरी वेगळी व गड्याची वेगळी असे पुष्कळ शिवारांत चालते.

ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि यॉर्क ईस्टच्या मतदारांनी अ‍ॅग्नेसबाईंना घरी पाठविले. पक्षाच्या साऱ्या प्रांतात मिळून २ जागा आल्या. यानंतर १९६३ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे, त्या कायदेमंडळात एकही स्त्री नव्हती. एक दार उघडले की ते उघडेच राहते, असे नाही. कोणी धरून ठेवले नाही तर ते आपोआप लागते.

१३ फेब्रुवारी १९५४ रोजी टोरांटोत हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वय चौसष्टाला टेकले होते. सरकार त्यांना सेनेटवर, म्हणजे पार्लमेंटच्या वरिष्ठ सभागृहावर नेमणार होते, पण ते जाहीर होण्याआधीच त्या गेल्या. ग्रे परगण्यात, प्राइसव्हिल या गावी, आपल्या माणसांजवळ त्यांना पुरले आहे. पुढे ऑटावाच्या पार्लमेंटात त्यांचा अर्धपुतळा बसला. २०१७ साली कॅनडाला दीडशे वर्षे झाली, तेव्हा काढलेल्या दहा डॉलरच्या खास नोटेवर इतर तिघांबरोबर त्यांचे चित्र छापले गेले.

यॉर्क ईस्टचीही थोडी पुढची हकीकत सांगितली पाहिजे. १९९० साली त्याच मतदारसंघाने गॅरी मॅल्कोव्स्की या कर्णबधिर असलेल्या गृहस्थांना निवडून दिले. हातांच्या खुणांच्या भाषेत ते सभागृहात बोलत आणि दुभाषा ते शब्दांत सांगे. जे लोक कायदेमंडळात कधी दिसत नसत, त्यांना तेथे पाठविण्याचे काम या एका मतदारसंघाने दोनदा केले. १९९९ साली मतदारसंघांची फेररचना झाली, त्यांची संख्या १३० वरून १०३ वर आली, आणि यॉर्क ईस्ट हे नाव कायदेमंडळाच्या यादीतून गेले. तो मुलूख शेजारच्या मतदारसंघांत वाटला गेला.

हे चरित्र वाचून माझ्या मनात जे आले ते सांगते. आपल्या महाराष्ट्रात २०११ सालापासून ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. लोकसभा आणि विधानसभांतल्या एक-तृतीयांश जागांसाठी २०२३ साली घटनादुरुस्तीही झाली. अ‍ॅग्नेसबाईंना चौदा वर्षे एकटीने जे सोसावे लागले, ते आपल्या मुलींना सोसावे लागू नये अशी ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण किती गावांत सही बाईची आणि कारभार यजमानांचा असे चालते, हे आपल्याला माहीत आहे. बैठकीत बाई खुर्चीवर बसते, बोलतात तिचे मालक. किंग्स्टनच्या तुरुंगाच्या दारात अ‍ॅग्नेसबाई आपल्या ऐवजी भावाला किंवा पक्षाच्या पुढाऱ्याला पाठवून मोकळ्या झाल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण मग आत काय चालले आहे, ते बाहेर आले नसते.

त्या पाच वेळा पार्लमेंटात आणि दोन वेळा कायदेमंडळात निवडून आल्या. हरल्याही अनेकदा. लोकांनी दिलेली जागा लोक परत घेतात, त्यात रडण्यासारखे काही नाही. जागा हातात असताना तिचे काय केले, एवढेच मागे उरते. आपल्या मंडळातल्या ज्या भगिनी पंचायतीत, पतपेढीत, शाळेच्या समितीत निवडून गेल्या आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला स्वतः जावे, जमाखर्चाचा कागद स्वतः मागावा आणि वाचता आला नाही तर वाचून घ्यावा, समजले नाही तर दोनदा विचारावे. लोक थोडे हसतील. ते ऑटावालाही हसले होते.